गिऱ्हाईक करणे

एक क्रियापद बदलले की सज्जनाचा दुर्जन कसा होतो, याचे आपल्या भाषेतले उत्तम उदाहरण म्हणजे ‘गिऱ्हाईक’ हा शब्द. दुकानात गिऱ्हाईक ‘आले’ म्हणजे लक्ष्मी आली. आपल्या शेजारच्या कानडीतही ‘गिराकी’ आला की दुकानदाराचा चेहरा खुलतो. पण ‘आले’च्या जागी ‘केले’ घाला, की सगळा अर्थ फिरतो. ‘त्याचे गिऱ्हाईक केले’ म्हणजे चारचौघांत त्याला बनवले, त्याची टर उडवली.

१९५४ साली पीटर ड्रकर यांचे ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ हे पुस्तक अमेरिकेत निघाले. धंद्याचा हेतू काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर पुढे जगभरच्या व्यवस्थापनशाळांत पाठ झाले. नफा हा धंद्याचा हेतू नव्हे. गिऱ्हाईक निर्माण करणे हा धंद्याचा हेतू, असे ते उत्तर होते. ते मराठीत शब्दशः उतरवायला गेले तर ‘धंदा म्हणजे गिऱ्हाईक करणे’ असे काहीतरी होते आणि ऐकणारा हसतो. त्या हसण्यात बाजाराविषयीचा एक जुना संशय दडलेला आहे. जे माणसाला नको होते ते त्याला हवेसे वाटायला लावणे, हा उद्योग सचोटीचा असू शकतो का?

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. सीमाभागातल्या मराठी घरांत आज दोन पिढ्या दोन तऱ्हेने विकत असतात. वडिलांचे खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कापडाचे, भांड्यांचे दुकान. मुलगी बंगळूरला नाहीतर पुण्याला एखाद्या कंपनीत. दिवाळीला ती घरी येते तेव्हा फराळाच्या ताटावर असा संवाद कितीतरी घरांत होत असेल :

“तू नक्की काय विकतेस गं?”

“मी विकत नाही, बाबा. माणसं आमचं ॲप दिवसातून किती वेळा उघडतात, ते मी बघते.”

“आणि कमी वेळा उघडलं तर?”

“तर जास्त वेळा उघडावं असं काहीतरी करायचं.”

वडील पुढे काही बोलत नाहीत. त्यांनीही आयुष्यभर गिऱ्हाइकाने पुन्हा यावे म्हणूनच खटपट केलेली असते. मग या उत्तराने त्यांना अस्वस्थ का व्हावे?

धंद्यावरची पुस्तके आता मराठी अनुवादांतूनही सहज मिळतात. त्यांचा उपदेश ढोबळ मानाने तीन गोष्टींचा असतो : गिऱ्हाइकाचे मन ओळखा, वस्तू अशी घडवा की ती हातातून सुटू नये, आणि कामात जीव ओता. तिन्ही उपदेश ऐकायला निर्दोष आहेत. परंतु या तिन्ही गोष्टी नेमक्या उत्तम ठगालाही जमाव्या लागतात. तेव्हा सचोटीचा व्यापारी आणि ठग यांच्यामधली सीमा या उपदेशांत सापडत नाही. ती अन्यत्र शोधावी लागते.

एक सोपे उत्तर आपल्या वाडवडिलांपासून चालत आले आहे. लोकांची जी गरज आहे ती भागवावी. नसलेली गरज निर्माण करू नये. हे उत्तर मनाला पटते, पण ते टिकत नाही. ते का टिकत नाही, हे आपल्याच मातीतल्या एका माणसाच्या उदाहरणाने पाहू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हते. रंग सुटले आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिक्षकी केली आणि बढती डावलली गेल्यावर ती सोडून ते बेळगावात आले. भावाबरोबरचा त्यांचा सायकलींचा व्यवसाय १८८८ सालापासूनचा. सायकली विकायच्या आणि त्या चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवहार होता. पुढे कडबा कापायचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

या नांगराची शेतकऱ्याला गरज वाटत होती का? मुळीच नाही. उलट लोखंड लागले की जमीन विषारी होते, असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. ‘नसलेली गरज निर्माण करू नये’ हा नियम लक्ष्मणरावांनी पाळला असता, तर त्यांनी ओतकामाची भट्टी विझवून पुन्हा सायकलीच विकायला हव्या होत्या. तसे झाले नाही. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना गेला, त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि लोखंडी नांगर रूढ झाला. शेतकऱ्याला त्या नांगराची आच लागली ती विकणाऱ्याच्या चिकाटीमुळे. म्हणजे येथे गरज ‘निर्माण’ केली गेली, आणि त्याबद्दल आज कोणी त्यांना दोष देत नाही.

यावर कोणी म्हणेल, गरज होतीच. शेतकऱ्याला ती ठाऊक नव्हती, इतकेच. पण हेच वाक्य जगातला प्रत्येक विक्रेता म्हणतो. गोरे करणारे मलम विकणारा म्हणतो, तुमची गरज तुम्हाला कळलेली नाही. न पेलणाऱ्या हप्त्यावर मोटार विकणाराही तेच म्हणतो. खरी गरज कोणती आणि खोटी कोणती, हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याला दिला की सगळ्याच गरजा खऱ्या ठरतात.

मला वाटते, सीमा दुसरीकडे आहे. गरज आधीची की नंतरची, हा मुद्दा गौण आहे. वस्तूची परीक्षा कोणाच्या हातात राहिली, हा खरा मुद्दा आहे. लोखंडी नांगर ज्याने घेतला त्याने तो स्वतःच्या रानात, स्वतःच्या बैलांना जुंपून चालवला. हरळीची मुळे निघाली की नाही, ढेकूळ उलटले की नाही, बैल किती दमले, पुढच्या सुगीत पीक कसे आले, हे सारे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. जमीन विषारी झाली असती तर तेही त्याला आणि बांधावरच्या शेजाऱ्याला दिसले असते. विकणाऱ्याने त्याचे मन वळवले खरे, परंतु निकाल देण्याची शक्ती त्याच्याकडून काढून घेतली नाही. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, यातच शेतकऱ्याचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क शाबूत होता, हे दिसते.

आपल्या बाजारातल्या जुन्या चालीरीती पाहिल्या तर त्यांत हेच सूत्र आहे. खानापूरचे मडके घेणारी बाई ते बोटाने वाजवून पाहते. आवाज बद्द आला तर परत ठेवते. शहापूरचे लुगडे घेताना पदर उलटून मागची बाजू पाहायची, आणि चांगला दुकानदार स्वतःच म्हणायचा, “उलटून बघा की वो मावशी!” कुंद्याच्या दुकानात आधी चवीला चमचाभर हातावर येतो. यातला कोणीच व्यापारी संत नव्हता. नफा प्रत्येकालाच हवा होता. पण माल पारखायचे साधन गिऱ्हाइकाच्या बोटांत, डोळ्यांत, जिभेवर होते आणि ते तिथेच राहू देणे हा बाजाराचा शिरस्ता होता.

जाहिरातीलाही हे सूत्र लागू पडते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. त्याचा उद्देश लपवलेला नव्हता. मालकाचे नाव मासिकाच्या नावातच होते. आपल्यापुढे काय ठेवले आहे आणि ते कोणी ठेवले आहे, हे वाचणाऱ्याला कळत होते. त्याच रोपट्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिले मासिक पडले ते यांतले. उघडपणे केलेली जाहिरात संस्कृतीची वैरीण असतेच असे नाही.

येथे एक भक्कम आक्षेप येतो, आणि तो घेणारा माणूस लहान नव्हे. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ‘मार्केटिंग मायोपिया’ हा गाजलेला लेख लिहिला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मागे पडल्या, कारण आपला धंदा रेल्वेचा आहे असे त्या समजत राहिल्या. माणसांना हवी होती ती वाहतूक, असा त्यांचा मुद्दा. याच लेव्हिट यांनी १९७० साली जाहिरातीच्या नीतिमत्तेवर लिहिताना विचारले की, अतिशयोक्ती ही जाहिरातीचीच मक्तेदारी आहे का? कवीही वास्तव जसेच्या तसे सांगत नाही. माणसाला नुसती वस्तू नको असते. तिच्याभोवतीचे स्वप्नही हवे असते. मग कवीला हार आणि जाहिरातदाराला शिव्या का?

आक्षेपात तथ्य आहे. दिवाळीचे उटणे आपण केवळ मळ काढायला घेत नाही. परंतु कविता ऐकणाऱ्याला आपण कविता ऐकतो आहोत हे ठाऊक असते. नाटकात पडदा असतो, तिसरी घंटा असते. रंगमंचावरचा राजा खरा राजा नाही, हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळते. कल्पनेचा हा करार दोघांच्या संमतीचा आहे. बातमीचा वेश घेऊन आलेली जाहिरात, पैसे घेतलेल्या माणसाने ‘सहज’ केलेली शिफारस, किंवा ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ असे खोटेच सांगणारी पाटी या ठिकाणी पडदाच काढून टाकलेला असतो. अतिशयोक्ती क्षम्य आहे. ती अतिशयोक्ती आहे हे लपवणे क्षम्य नाही.

दुसरा उपदेश वस्तू घडवण्याचा. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे, हे सांगायला जर पाटी लावावी लागत असेल तर दोष दाराच्या घडणीत आहे. वापरणाऱ्याने स्वतःला अडाणी समजू नये, असे ते म्हणतात. मला हा विचार तांत्रिक कमी आणि नैतिक अधिक वाटतो. चांगली वस्तू आपण काय आहोत, कशा चालतो, हे वापरणाऱ्याला सांगते. खुरपे हातात घेतले की मूठ कोणती आणि पाते कोणते, हे विचारावे लागत नाही. अशी वस्तू माणसाला शहाणे समजून घडवलेली असते.

याच्या उलट टोकाला विजेच्या दिव्यांची गोष्ट आहे. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या बड्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची संघटना केली आणि घरगुती दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचे ठरवले. त्याआधीचे दिवे १,५०० ते २,००० तास चालत. ज्या कारखान्याचे दिवे जास्त टिकत, त्याला दंड होई. कुशल अभियंते दिवा लवकर कसा जाईल यावर डोके चालवत बसले होते! घरातला माणूस मात्र दिवा गेला की ‘संपला बिचारा’ म्हणून नवा आणी. हा दिवा आणखी किती चालला असता, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. परीक्षेचे साधन काढून घेतले गेले आणि ते काढून घेतल्याचेही कळले नाही.

आजचा नमुना याहून सूक्ष्म आहे. नीर इयाल यांच्या २०१४ सालच्या ‘हुक्ड’ या पुस्तकात सवय लावणारी वस्तू कशी घडवावी, याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत : आधी खूण, मग कृती, मग कधी मिळणारे तर कधी न मिळणारे बक्षीस, आणि शेवटी माणसाने त्यात स्वतःचे काहीतरी गुंतवणे. यातली तिसरी पायरी बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांची आठवण करून देते. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल तर कबुतर निवांत असते. कधी मिळतो, कधी नाही, असे झाले की ते चोच मारतच राहते. इयाल यांनी पुस्तकात नीतीचा प्रश्न टाळलेला नाही. ही वस्तू तू स्वतः वापरशील का, आणि तिने वापरणाऱ्याचे जीवन सुधारेल का, असे दोन प्रश्न त्यांनी निर्मात्याला विचारायला सांगितले आहेत. प्रश्न चांगले आहेत. पण दोन्हींची उत्तरे देणारा निर्माताच आहे, ही त्यांतली उणीव. २०१९ साली त्याच लेखकाने आपले लक्ष कसे विचलित होऊ देऊ नये, यावर दुसरे पुस्तक लिहिले. ते लिहावेसे वाटले, यातच पहिल्या पुस्तकावरचा एक अभिप्राय आहे.

नांगर आणि हे ॲप यांतला फरक आता स्पष्ट व्हावा. नांगराने शेतकऱ्याचे मन पीक दाखवून वळवले. सवयीची वस्तू ज्या मनाने तिची पारख करायची, त्या मनावरच काम करते. ‘लोक पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे त्यांना हे आवडते’ असे म्हणणे म्हणजे गुत्त्यावरच्या गर्दीला गुत्तेदाराचे प्रशस्तिपत्र समजणे. फराळाच्या ताटावर त्या वडिलांना जे खटकले, ते बहुधा हेच. त्यांचे गिऱ्हाईक पुन्हा येई ते धुतल्यावर कापडाचा रंग टिकला म्हणून. घरी जाऊन, कापड धुऊन, विचार करून येई.

तिसरा उपदेश ध्यासाचा. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचे ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ १९८२ साली आले आणि १९८५ साली पीटर्स यांनी नॅन्सी ऑस्टिन यांच्यासह लिहिलेल्या पुढच्या पुस्तकाच्या नावातच उत्कट ध्यास आला. तेव्हापासून ‘ज्याचे वेड आहे तेच करा’ हा तरुणांना दिला जाणारा मंत्रच झाला. कॅल न्यूपोर्ट यांनी २०१२ साली याला उलट बाजू दाखवली : आधी कौशल्य येते, त्याची किंमत होते, आणि मग कामाची गोडी लागते. लक्ष्मणरावांचे पहिले वेड यंत्रांचे नव्हते, चित्रांचे होते. त्या वेडाला त्यांनी कवटाळले असते तर एक सामान्य चित्रकार वाढला असता. डोळ्यांनी दिलेला निकाल त्यांनी मानला.

ध्यासाची खरी कसोटी हीच आहे. प्रतिकूल निकाल ऐकू येऊ न देणारा ध्यास धोक्याचा. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ साली अमेरिकेत ‘थेरॅनोस’ कंपनी काढली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात अनेक तपासण्या करण्याचे ते स्वप्न होते. ध्यास, आवेश, चिकाटी, कशाचीच कमतरता नव्हती. फक्त यंत्र सांगितल्याप्रमाणे चालत नव्हते. २०१६ साली कंपनीला आपल्या यंत्रांवरचे दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले, आणि २०२२ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्स यांना अकरा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. आपल्या रक्ताचा अहवाल हातात घेतलेल्या रुग्णाला तो खरा की खोटा, हे कसे कळणार होते?

येथे माझ्या सूत्राची कठीण बाजू पुढे येते. मडके वाजवता येते, पण औषध वाजवता येत नाही. बियाणे खोटे निघाले हे कळते तेव्हा हंगाम गेलेला असतो. विमा, शाळा, शस्त्रक्रिया या सर्व ठिकाणी गिऱ्हाइकाच्या हाती परीक्षेचे साधन मुळातच नसते. मग अशा वस्तू विकूच नयेत का? तसे नाही. जेथे गिऱ्हाईक पारख करू शकत नाही, तेथे विकणाऱ्याने दोन गोष्टी स्वतःवर घ्याव्यात. एक, मालाचे दोष विचारण्याआधी सांगावेत. दुसरी, नुकसान झाले तर त्याचा वाटा स्वतः उचलावा. कायद्यानेही ही दिशा धरली आहे. आपल्याकडे १९८६ सालच्या आणि नंतर २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यांमागे हाच विचार आहे. परंतु कायदा शेवटी फसलेल्या माणसाच्या मागून येतो. विकणारा मात्र आधीच तेथे उभा असतो.

हे सारे ऐकून कोणी अनुभवी दुकानदार म्हणेल, “तुमचं खरं आहे, पण असं वागून दुकान चालत नाही.” त्याला खोडून काढणे सोपे नाही. सचोटीने धंदा वाढतोच, असे धंद्याची पुस्तके सांगतात. ते नेहमी खरे नसते. फीबसच्या दिव्यांनी भरपूर पैसा मिळवला. ज्याने दिवा जास्त टिकवला त्याला दंड झाला. सचोटीचे फळ नफ्यात मोजायचे ठरवले की ज्या दिवशी लबाडीत नफा जास्त दिसेल, त्या दिवशी सचोटी सोडायला कारण मिळते. म्हणून हा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा. खोटे न बोलल्यामुळे गेलेले गिऱ्हाईक हा तोटाच आहे. तो तोटा म्हणूनच लिहावा आणि सोसावा. त्याला ‘पुढे फायदा होईल’ असे गोंडस नाव देऊ नये.

आपल्या मुलांना कंपनीत महिन्याचे लक्ष्य ठरवून दिलेले असते, घरभाड्याचा आणि कर्जाचा हप्ता असतो. ‘नोकरी सोड’ असे त्यांना घरबसल्या सांगणे हाही एक खोटेपणाच. पण प्रत्येक कामात थोडी जागा आपली असते. पाटीवरचे एक वाक्य, सदस्यत्व बंद करायचे बटण ठळक ठेवायचे की कोपऱ्यात दडवायचे, दोष छापायचा की गाळायचा, हे कोणीतरी माणूसच ठरवतो. त्या वेळी त्याने एवढेच स्वतःला विचारावे : मला या मालाबद्दल जे ठाऊक आहे, ते समोरच्याला ठाऊक झाले, तरी तो घेईल का? आणि उद्या त्याला नकोसे वाटले, तर त्याची जायची वाट मी मोकळी ठेवली आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल विकावे, पोटतिडकीने विकावे, दोन वर्षे खपले नाही तरी विकत राहावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर माल कितीही देखणा असो, आपण कोणाचे तरी गिऱ्हाईक करतो आहोत, एवढे तरी स्वतःशी कबूल करावे.